रिकाम्या घराचं मीटर

‘स्वस्तात मस्त’ म्हणून जे काही विकतात त्यात मस्त काही नसतं, हे मी माझ्या दोघा मित्रांना परदेशी सहलीला निघण्याआधीच सांगितलं होतं. पण ऐकतो कोण? उतरल्या उतरल्या कळलं, माझी बॅग भलत्याच शहरात गेली. फोटोवाला मित्र पलंगावर बसला आणि पलंगानेच बसकण मारली. नळाला एक तर चटका बसेल असं पाणी, नाहीतर ठणठणाट. आम्ही भाड्याने घेतलेल्या या घराची मालकीण खालच्या मजल्यावर राहायची. आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असणार होती आणि विजेचं बिल आम्ही वेगळं भरायचं होतं. हे ऐकलं आणि माझी झोपच उडाली.

मी वीजचोर पकडणाऱ्या भरारी पथकात आहे. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघतात, मी मीटर बघतो.

खरं तर माझा पहिला संशय पावशेरवर होता. पावशेर म्हणजे आमच्यातला तिसरा, शाळेपासूनचा दोस्त, आता माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. अंगाने काडीपैलवान म्हणून हे नाव. बेकरीत कारागीर होता. त्याचा मालक आकडा टाकून वीज चोरायचा. आमच्या पथकाने धाड घातली आणि बेकरीला टाळं लागलं. तेव्हापासून पावशेर घरी बसलेला आणि संसार बहिणीच्या शिलाई मशीनवर चाललेला. असा माणूस परदेशी फिरायला निघतो? आणि बहीण त्याला हसत हसत निरोप देते? कुठेतरी पाणी मुरत होतं. हा तिला टाकून इथेच राहतो की काय, अशी धास्ती मी घेतली होती.

त्यात तो रोज सकाळी म्हणायचा, “तुम्ही जा ते वाडे-बिडे बघायला. मी जरा पाय मोकळे करतो.” संध्याकाळी आम्ही परतावं तर घराच्या खिडक्या सताड उघड्या आणि हा न्हाऊनधुऊन बसलेला.

“कुठे गेला होतास?”

“इथेच.”

“इथेच म्हणजे कुठे?”

“अरे बाबा, इथेच म्हणजे इथेच! चौकशी आयोग नेमतोस का आता?”

एके दिवशी फोटोवाल्याच्या बुटाने भर रस्त्यात तळ सोडला, म्हणून आम्ही दुपारीच परतलो. जिन्यात आमच्या घराचं मीटर होतं. सवयीने नजर गेली आणि मी जागच्या जागी थबकलो. चकती गरगर फिरत होती. घरात आमचा फ्रिज तेवढा चालू असणार आणि हा भार तर चांगलाच मोठा होता.

“पावशेर असेल,” फोटोवाला म्हणाला.

“तो भटकायला गेलाय. किल्ली कुणाकडे आहे? या मालकिणीकडे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!”

“आधी वर जाऊन बघू तरी.”

“मग ही सावध होईल. धाड अशी नसते घालायची.”

मी मालकिणीचं दार वाजवलं. दार उघडलं तर बाई गरम पाव खात उभी. घरभर भाजल्याचा वास. म्हणजे ओव्हन हिचा आणि तार आमच्या मीटरवरून! मी मोबाइल पुढे धरला. आपण आपल्या भाषेत बोलायचं, तो तिच्या भाषेत सांगायचा.

“बाई, तुम्ही आमची वीज चोरताय.”

मोबाइलने सांगितलं. तिचं चावणं थांबलं. ती बोलली आणि मोबाइल मराठीत म्हणाला, “तुम्ही मला चोर म्हणालात?”

“हो.”

तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढतच वर नेलं.

आत पावशेर होता. ओव्हन तापलेला, टेबलभर पाव मांडलेले, हात कोपरापर्यंत कणकेत.

बाई बरंच काही तावातावाने बोलली. मोबाइलला राग कळत नाही; त्याने ते स्टेशनवरच्या सूचनेसारखं शांतपणे वाचून दाखवलं. “माझ्या भावाची बेकरी आहे. यांचा पाव चाखायला तो आज येणार होता. यांना काम देणार होता. मी शब्द टाकला होता. आता मी त्याला येऊ नको म्हणून सांगते. उद्या घर रिकामं करा.”

ती गेली. पावशेर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“बिल मीच भरणार होतो,” एवढंच तो म्हणाला.

“मला सांगायचं तरी!”

“तुला सांगितलं असतं तर आधी तिच्या भावाचं मीटर बघायला गेला असतास.”

खोटं नव्हतं. गेलोच असतो.

मी खाली धावलो. दार वाजवलं, हाका मारल्या, मोबाइलला चार वेळा ‘माफ करा’ म्हणायला लावलं. दाराआड बाई फोनवर बोलत होती, पण कडी काही निघाली नाही. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

वर आलो तर पावशेरचा फोन वाजत होता. त्याने कणकेचे हात दाखवले. “उचल.”

मी उचलला. हॅलो म्हणायच्या आतच माझी बहीण बोलायला लागली. “अहो, आले का ते? आवडला का पाव? आणि दादाला काही कळलं नाही ना?”

“कळलं,” मी म्हणालो.

“दादा, तू!” ती म्हणाली. पावाचं काय झालं, हे तिने पुन्हा विचारलं नाही.