तिसरी घंटी

व्यसनमुक्ती केंद्रात तो मदतीला जायचा. तिथे त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. नवा पेशंट खाली मान घालून बसला रे बसला की ह्याचं सुरू, "अरे, माझंच उदाहरण घे..." बिचाऱ्याला हातापायांच्या थरथरीपेक्षा ह्या उपदेशाचाच जास्त त्रास व्हायचा. "दारू सोडतो, पण ह्याला आवरा," असं एकाने डॉक्टरांना चक्क सांगितलं होतं.

आता नवा नियम आला. सर्टिफिकेट असलेल्या मदतनीसानेच पेशंटपाशी बसायचं, बाकीच्यांनी घरी. रेडिओकडे सर्टिफिकेट नव्हतं. त्याची दारू सुटून वर्षं झाली होती, पण रोज कुणाच्या तरी थरथरत्या हातात चहाचा कप देताना त्याला आपले हात आठवत, म्हणून ती सुटलेली राहिली होती. घरी बसलो तर पुन्हा घसरू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोलाही.

सर्टिफिकेटची लेखी परीक्षा कशीबशी निघाली. खरी मेख तोंडी परीक्षेत होती, कारण तिथे तोंड उघडायचंच नव्हतं. पेशंटची नातेवाईक म्हणून कुणी बाई समोर बसणार, दुःख सांगणार, ह्याने नुसतं ऐकायचं. मध्ये बोललं की परीक्षक घंटी वाजवणार. तिसऱ्या घंटीला नापास. शेवटी काय ऐकलं ते सांगायचं.

बायकोने घरी सराव घेतला. ती म्हणायची, "माझा नवरा पितो हो," आणि हा लगेच, "त्याला आधी भरपूर पाणी..." ठण्! तिचा चमचा ताटलीवर. ताटलीला पोचे आले, पण रेडिओ काही बंद होईना.

परीक्षेच्या दिवशी नेमकी ती नातेवाईक होणारी बाई तापाने पडली. दाराशी पाण्याची बाटली घेऊन बायको उभी होती. परीक्षक बाईंनी तिलाच आत बोलावलं. "तुम्ही बसता का? नवरा पितो असं समजा आणि काहीही सांगा."

"समजते," बायको म्हणाली.

"अहो मॅडम, ही तर माझी..."

घंटी वाजली. "परीक्षा सुरू झालीय."

घाबरून त्याच्या तोंडून सवयीचंच वाक्य निघालं, "बोला, ताई."

ताईंनी भुवई उडवली आणि बाटली खाली ठेवली.

"मुलीच्या शाळेत नाटक होतं. तिला एकच वाक्य होतं. हे पिऊन आले आणि पहिल्या रांगेतून ते वाक्य ह्यांनीच म्हणून टाकलं. मोठ्याने. लोक हसले. पोरगी तशीच उभी राहिली."

"अगं, मला वाटलं ती विसरली, म्हणून मी..."

घंटी. परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही नवरा नाही आहात. तुम्ही मदतनीस आहात."

रेडिओने दातांवर दात दाबले.

"सुटल्यावर सगळे ह्यांचं कौतुक करतात," बायको म्हणाली. "हेही जगाला आपली कहाणी सांगत सुटतात. माझं काय झालं, ते एकदाही विचारलं नाही. अजून झोपेत कुलपात चावी अडखळल्याचा आवाज आला की मी दचकून उठते. बघते तर हे शेजारी घोरत असतात. चावी समोरच्या बिऱ्हाडाची असते."

ह्यावर बोलण्यासारखं त्याच्याकडे ढीगभर होतं, अगदी जिभेच्या टोकावर. त्याने ते गिळलं. पहिला पेला नाकारणं ह्यापेक्षा सोपं होतं.

"आता सांगा, काय ऐकलंत?" परीक्षक बाईंनी त्याला विचारलं.

रेडिओ बायकोकडे बघत म्हणाला, "ताईंच्या नवऱ्याची दारू सुटली. ताईंची भीती नाही सुटली. आणि नवऱ्याला... त्याला हे माहीतच नव्हतं."

पास झाला. जाताना परीक्षक बाईंनी बायकोला विचारलं, "तुम्ही नाटकात कामं करता का?"

"छे हो," बायको म्हणाली, "घरचंच सगळं."

घरी येताच हातोडी घेऊन रेडिओ सुरू झाला. सर्टिफिकेट कुठल्या भिंतीवर लावायचं, खिळा केवढा हवा, कुणाकुणाला दाखवायचं...

ठण्!

बायको चमचा आणि ताटली घेऊन खुर्चीत बसली होती. "बसा," ती म्हणाली. "अर्धंच सांगून झालंय."

त्याने हातोडी खाली ठेवली आणि तिच्यासमोर बसला. अंधार पडेपर्यंत ती बोलत होती, आणि ताटली एकदाही वाजली नाही.