घरी पोचवणारे टायर

वेद्रानाने अंगठ्याचं नख टायरच्या बाहेरच्या कडेवरून फिरवलं आणि नखाला लागलेली काळ्या रबराची गोळी चिमटीत चुरडून टाकली. गाडी लिफ्टवर चढवलेली होती, चारही चाकं अधांतरी.

"पुढचे दोन्ही गोटा झालेत," ती म्हणाली. "कडेला आतला कपडा दिसायचा तेवढा बाकी आहे. मधली नक्षी मात्र तशीच."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ब्रेक उशिरा मारता, आणि मग स्टिअरिंग पिळून गाडी वळणात ओढता."

तो माणूस हसला. पस्तिशी ओलांडलेला, अंगात महागडं कातडी जाकीट, हातात गाडीची किल्ली गरगर फिरवायची सवय. त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

"मिस्त्री कुठं आहेत?"

"मिस्त्री मीच."

"बरं, बाई, मग ऐका. मला एकच सेट हवाय. उद्या दिवसभर वर ट्रॅकवर पळवणार, आणि सोमवारी त्याच्यावरच ऑफिसला. दोन-दोन सेट कोण सांभाळत बसणार? आणि ते बघा, ते वरचे. तेच चढवा. मागच्या वेळी आमच्यातल्या एकानं तेच लावले होते, आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून गेला तो."

रिएका शहराच्या वरच्या माळावर त्या रेसच्या ट्रॅकसाठी येणाऱ्या दहांपैकी आठांचं हेच म्हणणं असतं. एकाच बुटांत लग्नालाही जायचं आणि फुटबॉलही खेळायचा. आणि बोट जातं ते नेमकं सगळ्यात वरच्या फळीवर. तिथले टायर असतात मऊ रबराचे, जवळजवळ गुळगुळीत. पाणी बाहेर काढायला चार खाचा, त्याही नावाला.

"माप बघते. गाडीचे कागद द्या," वेद्राना म्हणाली.

त्याने कागद दिले. तिने मापाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग ते बोट आपसूक वर सरकलं, मालकाच्या नावावर. वाल्टर फुचाक.

तिने कागद घडी करून परत दिले. घडी अगदी काटेकोर घातली, कडेला कड लावून. तेवढा वेळ तिला हवा होता.

बारा वर्षं. एक तप झालं. तेव्हा वेद्राना अठराची होती आणि कोर्टाच्या बोळात बाकावर आईशेजारी बसली होती. हा समोरून गेला होता, मनगटाला प्लास्टर, डोळे जमिनीला लावलेले. ट्रॅकवरून बंदराकडे उतरताना ओल्या रस्त्यावर याने गाडी कठड्यावर घातली होती. शेजारी बसलेल्या मित्राचा, एडीचा, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आणि चौकशीत याने सांगितलं की वेगाचा प्रश्नच नव्हता. टायर रिमवरून सुटला, टायरवाल्याने नीट बसवलाच नव्हता. टायरवाला म्हणजे लिव्हियो बर्निच. वेद्रानाचे बाबा.

तज्ज्ञाला नक्की काही सांगता आलं नाही. कोर्टाने कुणालाच दोषी धरलं नाही. गावाने धरलं. 'लिव्हियोकडं गेलास? मग चाक वाटेत शोधायला टॉर्च ने हो!' बंदरावरच्या कॅफेत हा विनोद वर्षभर चालला, आणि त्या वर्षातच दुकान बसलं. लिव्हियोने त्यानंतर कुणाच्या गाडीचा एक बोल्टसुद्धा आवळला नाही. आता तो लेकीच्या दुकानाच्या माडीवर राहतो, खिडकीशी खुर्ची टाकून बसतो आणि खाली येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतो. वेद्रानाच्या पाटीवर तिच्या नवऱ्याचं आडनाव आहे. वाल्टरला कळायचं काही कारणच नव्हतं.

"कोण आलंय गं?" माडीवरून आवाज आला. मधे नुसत्या फळ्या. वरचं खाली आणि खालचं वर सगळं ऐकू जातं.

"कुणी नाही, बाबा. गिऱ्हाईक."

बाहेर डोंगराकडचा वारा सुटला होता. दारावरचा पारा सहावर होता, आणि उद्या संध्याकाळी पाऊस सांगितला होता. तिने शिडी लावली आणि वरच्या फळीपर्यंत चढली. या रबराला तापलं की रस्ता सोडवत नाही. थंड असलं की पाटीच्या दगडात आणि त्याच्यात फरक नाही. ट्रॅकवर चार फेऱ्यांत तापतं. पण संध्याकाळी पार्किंगमध्ये तासभर गाडी उभी राहिली, वर पाऊस पडला आणि मग घराकडचा उतार लागला, की संपलं. आणि तिला खोटं बोलायचीही गरज नव्हती. त्यानेच मागितले होते. तिने फक्त 'हो साहेब' म्हणायचं होतं.

देव देतो तेव्हा हातात आणून देतो, असं तिच्या मनात आलं. तिने टायर फळीवरून ओढला, खांद्यावर घेतला आणि दोन पायऱ्या उतरली.

तिसऱ्या पायरीवर ती थांबली.

हा मेला तर लोक काय म्हणतील? टायर कुणी बसवले होते? त्या बर्निचच्या पोरीनं. बाप तशी लेक. खाण तशी माती. म्हणजे हा मेला तरी याचंच खरं ठरणार, आणि मेल्यावर तर कायमचंच. कबरीत बसून जिंकेल मेला!

तिला त्याच्या जिवाची कणव आली असं कुणी समजू नये. तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तशीच ती पुन्हा दोन पायऱ्या चढली आणि तो टायर होता तिथे ढकलून दिला.

"काय झालं?" वाल्टरने खालून विचारलं.

"हे देणार नाही."

"देणार नाही म्हणजे? पैसे मी देतोय."

"द्या की. पण हे थंडीत रस्त्यावर धरत नाहीत. हे मधल्या फळीवरचे घ्या. रस्त्याचेच आहेत, पण कडा टणक आहेत, वळणात वाकत नाहीत. पाण्यात खाचा काम करतात. ट्रॅकवर पहिल्या चार-पाच फेऱ्या झकास जातील. मग तापून सरकायला लागतील. सरकले की हट्ट करायचा नाही, आत यायचं, गाडी गार होऊ द्यायची, कॉफी प्यायची. तापल्यावर हवा मोजायची, वाढलेली असेल तेवढी सोडायची. आणि घरी निघताना परत भरायची. हे विसरायचं नाही."

"आणि वेळ?"

"एका फेरीला तीन सेकंद जास्त."

"तीन!" त्याने कपाळावर हात मारला. "पोरं मला खाऊन टाकतील."

"खाऊ देत. जिवंत माणसालाच खातात."

यावर तो मनापासून हसला. माणूस वाईट हसणारा नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"घ्या मग मधले," तो म्हणाला. "तुमचं ऐकतो. टायरवाल्यांच्या बाबतीत मी जरा ताकही फुंकून पितो, बरं का. एकदा पोळलोय. बंदरावर एक म्हातारा होता, त्यानं असा टायर बसवला की उतारावर निघूनच आला. मरता मरता वाचलो."

वेद्रानाने मधल्या फळीवरचा पहिला टायर खाली घेतला.

"काय नाव त्याचं?"

"कुणाला आठवतंय आता!"

माडीवर इतका वेळ चालू असलेला रेडिओ बंद झाला होता.

पुढचा तासभर तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं. जुने टायर उतरवले, रिमच्या कडा तारेच्या ब्रशने घासल्या, व्हॉल्व्ह चारही नवे घातले. टायरवरचा बाण कुठे बघतो ते प्रत्येक चाकाला दोनदा पाहिलं. बॅलन्सिंगला एका चाकात पाच ग्रॅमचा फरक दाखवत होता. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता, तिने नाही सोडला. मग चाकं चढवली, बोल्ट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरचे करत मोजणीच्या पान्याने आवळले. ठरलेला जोर भरला की तो पाना कट्ट करून वाजतो. वीस बोल्ट, वीस वेळा कट्ट. पुन्हा एकदा पहिल्यापासून, पुन्हा वीस वेळा. इतके नीट बसवलेले टायर त्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्याही गाडीला नसतील.

समोरच्या कॅफेत वाल्टरचे दोन सोबती बसले होते. त्यातला एक रस्त्यापलीकडून ओरडला, "झाला का रे नवरीचा मेकअप?"

"झालाच!" वाल्टर ओरडला.

वेद्रानाने गाडी खाली घेतली, काँप्रेसर चालू केला आणि प्रत्येक चाकाची हवा मोजून पुरती करू लागली. दुकानभर धडधड सुरू झाली. चौथ्या चाकाची टोपी लावून ती उठली, हात पुसले आणि सहीचा कागद त्याच्यापुढे धरला.

"पन्नास किलोमीटर झाले की बोल्ट एकदा तपासून घ्या," ती म्हणाली. काँप्रेसरमुळे तिला त्याच्याजवळ सरकून बोलावं लागत होतं. "आणि त्या म्हाताऱ्याचं नाव लिव्हियो बर्निच. तुम्ही विसरलात म्हणून सांगते. माझे बाबा."

वाल्टरचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, नीट, आल्यापासून पहिल्यांदा. मग त्याची नजर गाडीच्या चाकांकडे गेली.

"काय केलंस तू?"

आता एकदम 'तू'.

"टायर बसवले."

"खोल ते. सगळे खोल. जुने चढव परत."

"चढवते की. पण चढवणारी मीच."

"दुसरा मिस्त्री..."

"आहे ना. खाली बंदरावर. नऊ किलोमीटर, सगळा उतार. इथून चालवतच न्यावी लागेल. नाहीतर ओढायला गाडी बोलावते. तुमच्या पोरांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

त्याने बाजूला ठेवलेला मोजणीचा पाना झडप घालून उचलला आणि पुढच्या चाकाशी गुडघे टेकले. तेल सांडलेल्या फरशीवर, त्या चांगल्या पँटीनिशी. पहिला बोल्ट, कट्ट. दुसरा, कट्ट. तो वेड्यासारखा एकेक करत चारही चाकांभोवती फिरला. सगळे वाजले. पण बोल्ट वाजले म्हणून आत काय आहे ते थोडंच दिसतं? चोराच्या मनात चांदणं. त्याने टायरच्या भिंतीवरून तळहात फिरवला, वाकून आतली बाजू पाहिली, बोटाने व्हॉल्व्ह हलवून पाहिला, आणि मग तिथेच बसून राहिला.

पलीकडून हॉर्न वाजला. लांब, चिडवणारा.

"ये," तो हळूच म्हणाला. ती जवळ गेली, कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. कपाळावर घाम होता, पारा सहावर असताना. "हे बघ. मला दोन मुलं आहेत. सोमवारी त्यांना याच गाडीतून शाळेत सोडायचंय. तू काही केलं असशील तर सांग. मी कुणाला बोलणार नाही."

वेद्रानाला खरं काय ते सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण बारा वर्षं बाबांनाही एका वाक्याचीच गरज होती.

"तुझ्या बापाचा दोष नव्हता," वाल्टर म्हणाला. "बास? टायर सुटला नव्हता. गाडी आपटल्यावर तो निघाला. मी शंभरच्या वर होतो. त्यानं मला सांगितलं होतं, रस्ता ओला झाला तर या टायरांवर खाली उतरू नकोस, गाडी वरच ठेव, दुसऱ्या दिवशी आण. दोनदा सांगितलं होतं. मी तेव्हा पोरगा होतो, एडीचा पाय गेलेला, मला भीती वाटली. म्हणून बोललो. चाकाला काही, काही झालं नव्हतं. तो माणूस कधी चुकीचं बसवणारच नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता सांग. घट्ट आहेत ना?"

म्हणजे इतकी वर्षं त्याला सगळं जसंच्या तसं आठवत होतं. म्हाताऱ्याचं नावसुद्धा आठवत असणारच.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसलेला, ती उभी. तिला वाटलं होतं तसं तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. तिला एवढंच कळत होतं की हे शब्द चुकीच्या माणसाच्या कानात पडलेत.

तिने हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं. काँप्रेसर दोनदा खोकला आणि बंद पडला. एवढ्या धडधडीनंतर दुकान एकदम रिकामं झाल्यासारखं झालं. पत्र्यावरचा वारासुद्धा ऐकू यायला लागला.

"परत सांगा," वेद्राना म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात तेच. पहिल्यापासून. जरा मोठ्यानं."

वाल्टरने दाराकडे पाहिलं. त्याचे सोबती रस्ता ओलांडून येत होते, हसत, एकमेकांना ढकलत.

"का?"

"बाबा वर आहेत."

माडीवर खुर्ची सरकली. मग फळ्यांवर सावकाश पावलं वाजली, जिन्याच्या तोंडाशी आली आणि थांबली.