नव्वदच्या खाली

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, स्वस्थ राहणे मला कधी जमलेच नाही. कुणी माझ्यावर पाय ठेवला की माझी सुई आधी पुढे धावते, मग मागे येते, थरथरते आणि मग कुठे एका आकड्यावर टेकते. तेवढ्या वेळात वर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते त्याच्या तळव्यांतून मला कळते.

माझा जन्म ओसाकातल्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, पांढरी तबकडी आणि तिच्यावर एकशेवीस किलोपर्यंत आकडे. याच्या पुढे माणूस कशाला जाईल, असे कारागिरांना वाटले असावे. बोटीतून मी उत्तरेकडच्या या बंदरगावी आलो आणि गावाच्या सार्वजनिक स्नानगृहात, पुरुषांच्या बाजूला, कपड्यांच्या टोपल्यांजवळ उभा राहिलो. पलीकडे बायकांची बाजू. मधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे निम्मे गाव एकमेकांशी भिंतीवरूनच बोलते. भिंतीच्या टोकाला उंच बैठकीवर मालकीणबाई तोसेसान बसतात. त्यांना दोन्हीकडचे ऐकू येते.

त्या काळी वजन वाढणे ही आनंदाची बातमी असे. कोळी आपल्या पोरांना माझ्यावर उभे करत आणि सुई जरा पुढे सरकली की पोराच्या पाठीवर थाप मारत. माझा फार मान होता. पुढे घरोघरी आकडे उजळणारे चपटे काटे आले. मग माझ्यावर कुणी ओला टॉवेल टाकी, कुणी टोपली ठेवी.

अशात इवाओ कुदो गावी परतला. आई गेल्यावर थोरल्या बहिणीने, मित्सुएने, त्याला वाढवले होते. कोवळ्या वयात तो तोक्योला सुमोच्या तालमीत गेला. तिथे खाणे हेच अर्धे काम. मोठा पैलवान काही तो झाला नाही. गुडघा मोडला, वय झाले, तशी त्याने पैलवानाची केसांची गाठ कापून आखाडा सोडला आणि बंदरावर छोटी खानावळ काढली. मेहनत सुटली, खुराक तेवढा राहिला.

पहिल्याच दिवशी तो माझ्यावर चढला आणि माझी सुई टोकाला जाऊन ठक्कन आपटली. बाकावर बसलेला काशिवा न्हावी म्हणाला, "उतर बाबा. लोखंडाचा झाला तरी त्यालाही काही मर्यादा आहेत."

भिंतीपलीकडून मित्सुएचा आवाज आला. "इवाओ, काय म्हणतोय काटा?"

"काही म्हणत नाही, ताई. त्याची बोलती बंद झालीय."

दोन्हीकडे हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. ज्याचे वजन मला सांगताच येत नाही, त्याच्यापुढे मी कोण?

त्या शरद ऋतूत मित्सुएच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दिवसाआड तिला शहरातल्या रुग्णालयात यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. इवाओने डॉक्टरांना सांगितले, माझी एक घ्या. डॉक्टरांनी त्याला खालीवर पाहिले. जे ते बोलले, ते इवाओने माझ्या शेजारी मोजे चढवता चढवता काशिवाला सांगितले.

"नव्वदच्या खाली या म्हणाले. साखर ताळ्यावर आणा. आणि मग वर्षभर तिथेच राहून दाखवा."

"वर्षभर कशाला? एकदा उतरलं की झालं की."

"उतरतात सगळेच, म्हणाले. टिकत कुणी नाही."

इवाओने दुसऱ्या दिवसापासून जेवणच सोडले. आठवडाभर नुसता चहा प्यायला आणि गरम पाण्यातून बाहेर येताच माझ्या पायाशी कोसळला. काशिवाने तोंडावर पाणी मारले. पलीकडे बातमी पोचायला वेळ लागला नाही.

"इवाओ!" मित्सुएचा आवाज थकलेला होता, पण धार तीच. "मला किडनी देणार आहेस की तुझं मढं? उद्यापासून माझ्या हातचं जेवायचं. मी वाढेन तेवढं, आणि वाढलेलं सगळं."

तेव्हापासून लहानशा वाडग्यात जव घातलेला भात, भाजलेला बांगडा, कोबी, समुद्रशेवाळाचे सार. तिला स्वतःला त्यातले निम्मे पदार्थ वर्ज्य होते, पाणीसुद्धा मोजून प्यावे लागे. तरी ती समोर बसून त्याला सावकाश चावायला लावी, असे तो सांगे. सकाळी तो गुडघा जपत धक्क्यावरच्या दीपस्तंभापर्यंत चालत जाई. बर्फ पडले की शेजारच्या म्हाताऱ्यांच्या छपरांवरचे बर्फ फावड्याने ओढून काढी. ग्राहकांसाठी मोठे हंडे रटरटत असत आणि तो त्यांच्या वाफेतच उभा असे. "हात शिवशिवतात," तो काशिवाला म्हणाला. "झोपेतसुद्धा मी जेवत असतो."

एका संध्याकाळी माझी सुई टोकाला न आपटता अलीकडेच थरथरली. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते कसे सांगू? लोक टॉवेल गुंडाळून माझ्याभोवती जमले.

"एकशे अठरा!" काशिवा भिंतीवरून ओरडला. पलीकडे बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे सुई कधी भराभर उतरे, कधी आठवडेच्या आठवडे हलत नसे. मग इवाओ न्हाण्याआधी चढे, न्हाल्यावर चढे, अंग कोरडे करून पुन्हा चढे. एकदा काशिवाकडून डोक्याचा गोटा करून आला आणि चढला. मी तोच आकडा दाखवला. त्याने मला लाथ घातली आणि मग ओशाळून तबकडी पुसली. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात सुई एकोणनव्वदवर टेकली. तोसेसानने आनंदाने गार दुधाची बाटली पुढे केली, जीभ चावली आणि परत मागे घेतली.

खरे कठीण त्यानंतर आले. टाळ्या वाजवायला आता कुणी नव्हते. रोज तोच वाडगा, तोच धक्का, तोच आकडा. नववर्षात भाताच्या चिकट वड्या आल्या, गिऱ्हाईकांनी आग्रह केला, गुडघा सुजला, चालणे बंद पडले. इवाओ येई, पण माझ्याकडे पाठ करून कपडे काढी. एकदा त्याने आपली टोपलीच माझ्यावर ठेवली. त्या टोपलीखाली मी किती तळमळलो म्हणून सांगू! मला ठाऊक होते की सुई पुढे सरकली असणार, आणि हेही ठाऊक होते की पलीकडे एक बाई दिवसेंदिवस वाळत चालली आहे.

मित्सुए आता मुश्किलीने न्हायला येई. एके दिवशी ती भिंतीपलीकडून म्हणाली, "इवाओ, बरेच दिवस काट्याचा खडखडाट ऐकला नाही मी."

तो टोपलीतले कपडे उगाच नीट करू लागला.

"चढ."

"ताई, बिघडलंय सगळं. डॉक्टर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतील. तुझ्याकडे तेवढा वेळ आहे का?"

"ते मी बघते. आकडा मला सांगू नकोस, कुणालाच सांगू नकोस. नुसता चढ."

त्याने टोपली उचलली. तो चढला. सुई सत्त्याण्णववर गेली. त्याने डोळे मिटले नाहीत. ती पुरती थांबेपर्यंत तो उभा राहिला. आकडा दिसू नये म्हणून तोसेसानने आपल्या बैठकीवर मान फिरवली.

त्यानंतर इवाओ माझ्यावर रोज एकदाच चढू लागला. आकडा चांगला असो वा वाईट, तो हसत नसे, शिव्याही देत नसे. एक-दोन किलो वर दिसले की संध्याकाळचा भात कमी आणि धक्क्याची एक फेरी जास्त. सुई पुन्हा नव्वदच्या खाली आली, तेव्हा डॉक्टरांनी खरोखरच वर्ष पहिल्यापासून मोजले. मित्सुएने ते काढले. कसे काढले, ते तिचे तिलाच माहीत. वर्ष भरल्यावर, वसंतात, दोन्ही भावंडे शस्त्रक्रियेसाठी शहरात गेली आणि मी त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुणीतरी काही बोलेल म्हणून.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला. "तोसेसान, पाणी जरा कोमटच आहे हं आज." मित्सुएचाच. इवाओ खाली बसून उगाचच पायाची बोटे पुसत राहिला.

ही झाली चार वर्षांपूर्वीची गोष्ट. इवाओ अजून रोज येतो. परवा काशिवा त्याला म्हणाला, "आता कशाला चढतोस रे? काम झालं की तुझं."

"एकच उरलीय ना माझ्याकडे," इवाओ म्हणाला. "तिच्यावर किती माणूस लादायचा?"

मित्रांनो, तुमच्याही घरी आमचा एखादा भाऊबंद असेल. त्याला पलंगाखाली ढकलू नका. त्याला देव मानून भिऊही नका. खाणे-पिणे, चालणे तुमच्या हातात आहे. आम्ही फक्त सांगतो. जो दिवस वाईट गेला असेल, त्या दिवशी तर जरूर चढा.

दार सरकले वाटते. आज गावात लग्न होते आणि इवाओ तिथे पोटभर जेवला, असे मघाशी काशिवा सांगत होता. तो आला आहे. मोजे काढतो आहे.