तिसरा वार

लिलाववाल्याने ओसरीवर टेबल मांडलं. त्याचा एक पाय आखूड निघाला, तर त्याखाली मातीचं ढेकूळ सरकवलं, हातोडा ठेवला आणि समोर पाहिलं. अंगणात अख्खं गाव बसलं होतं. घर घ्यायला कुणी आलं नव्हतं. सगळे बघायला आले होते.

याच घराचा लिलाव त्याने आधी दोनदा पुकारला होता आणि दोन्ही वेळा तोंड कोरडं करून परत गेला होता. घर दोघा भावांचं, आणि भावांमध्ये अकरा वर्षांचा अबोला. एकाने आणलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याला चालत नव्हतं, म्हणून थोरल्याच्या अर्जावरून कोर्टाने लिलाव लावलेला. बोली लावावी तर दोघांतल्या एकाशी तरी वैर नक्की, त्यामुळे गाव गुळणी धरून बसायचं. या खेपेलाही घर गेलं नाही तर कचेरीच्या यादीतून लिलाववाल्याचं नाव कमी होणार होतं. साहेबांनी तसं लेखी कळवलं होतं आणि खाली 'आपल्या दीर्घ सेवेबद्दल आदर आहेच' अशी ओळ जोडली होती. ती ओळ वाचूनच त्याने कागद उलटा घालून ठेवला होता.

एकतीस वर्षं त्याने हेच केलं होतं. कोरडी विहीर 'खोल' म्हणून विकली होती, गळकं घर 'हवेशीर' म्हणून. एकदा मालक न्हाणीघराला आतून कडी लावून बसला, तर हा दाराबाहेर उभा राहून न्हाणीघराची लांबीरुंदी सांगत होता. लोक त्याला 'तीनवार' म्हणायचे. रागावली की बायकोही म्हणायची.

तीन वाजले. ऊन असं, की अंगणातल्या काळ्या मातीच्या भेगांत मुंग्याही उतरून बसल्या होत्या. लिलाववाला दोन वाजल्यापासून ओरडत होता.

"बोला मंडळी, बोला. तीन खोल्या, गोठा, मागं परसू."

"मागच्या खोलीत ओल आहे," एक म्हातारा म्हणाला.

"आजोबा, बोला म्हणजे बोली बोला."

"मग तसं सांगायचं. मला वाटलं, माहिती विचारताय."

तेवढ्यात मागून गिरणीवाला उठला. कानात पीठ, भुवयांवर पीठ. त्याने घसा खाकरून आकडा सांगितला, आणि आकडाही चांगला, सरकारी किमतीच्या वरचा. लिलाववाल्याने बाह्या सरसावल्या. त्याने हातोडा उचलला.

"गिरणीवाल्यांची बोली. एक वार. दोन वार."

"घेणाऱ्याला कुणीतरी सांगा," खांबाला टेकलेला थोरला हवेत बघून म्हणाला, "गोठ्याची भिंत एका बाजूनं पोकळ आहे. बांधणाऱ्यानं विटा खाल्ल्यात."

लिलाववाल्याने हातोडा खाली घेतला. नियमच होता तसा. तिसऱ्या वाराआधी कुणी तोंड उघडलं तर मोजणी पहिल्यापासून. आणि हा नियम त्यानेच, स्वतः कचेरीत खेटे घालून, पुस्तकात घालायला लावला होता. एकदा अडखळत बोलणाऱ्या एका माणसाचा आकडा ओठांवर यायच्या आत हातोडा पडला होता, आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. तरुण होता तेव्हा.

"एक वार. दोन वार."

दुसऱ्या खांबाला टेकलेला धाकटा गोठ्यातल्या बैलाकडे वळला. अकरा वर्षं भाऊ एकमेकांना जे काही सांगायचे ते या बैलामार्फतच. "ऐकलंस का रे? विटा म्हणे खाल्ल्या. आणि पाया कुणी तिरका घेतला ते सांग म्हणावं."

"भाऊ, दोन क्षण गप्प बसा," लिलाववाला म्हणाला.

"मी बैलाशी बोलतोय."

"बैलाशी पाचनंतर बोला. एक वार. दोन..."

"पाया बापानं घेतला होता," थोरला म्हणाला.

"बाप झोपल्यावर आखणीची दोरी कुणी सरकवली?"

"मी सरकवली? दोरी तुझ्या हातात होती, गाढवा."

अंगण गार पडलं. गाढवा हा शब्द बैलाला नव्हता. धाकट्याने मान हळूहळू फिरवली.

"दादा, तू मला बोललास?"

"मग काय गिरणीवाल्याला बोललो?"

एवढ्या शांततेत तिसरा वार सहज बसला असता. पण लिलाववालाही तोंड उघडं टाकून बघत राहिला होता, आणि हे त्याच्या लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेली. भाऊ सुरू झाले. दोरीवरून बांधावर गेले, बांधावरून बहिणीच्या लग्नात कोण उशिरा आला त्यावर. थोरल्याची बायको आतून म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी ताप होता यांना." धाकटा म्हणाला, "मग वहिनी, निरोप नको का धाडायला?" लिलाववाला टेबल बडवत होता. एक वार, दोन वार. एक वार, दोन वार. गिरणीवाला तासभर उभा राहिला, मग गिऱ्हाईकं खोळंबलीत म्हणून निघून गेला. बोली मात्र ठेवून गेला.

पाच वाजले. नियमाने लिलाव संपला. लिलाववाल्याचा आवाज असा बसला होता की कुजबुजल्यासारखा येत होता. तो कागद गोळा करत असताना भाऊ त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

"पुढची तारीख सकाळची घ्या," थोरला म्हणाला. "दुपारी ऊन फार."

"पुढची तारीख दुसरा घेईल. तुमच्या तोंडांनी माझं काम गेलं."

"तो दुसरा कसा आहे?" धाकट्याने विचारलं.

"तरुण आहे. एक-दोन-तीन एका दमात म्हणतो. मध्ये श्वास पण घेऊ देत नाही."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग बोलायचं कधी?" थोरला म्हणाला. "अजून विहिरीचा विषय निघालेला नाही. राहू दे, मी अर्जच मागं घेतो. आत्ता लिहून देतो."

अर्ज मागे घेतला की लिलाव फसला असं धरत नाहीत. नाव यादीत राहणार होतं. थोरल्याने लिहिलं, धाकट्याने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, त्यावर दोघं पुन्हा जुंपले. सह्या घेऊन लिलाववाला वाटेला लागला. पहिल्या वळणापर्यंत त्याला मागून दोघांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते. कसले खणखणीत आवाज होते. दोन तास बोलले, आणि एकानेही एक आकडा तोंडातून काढला नाही.