मधल्या पानातली धाकटी

पट्टीकाकांचा पहिला नियम असा की फोटोतल्या माणसाने पानाबाहेर बघायचं नाही. डाव्या पानावरच्याने उजवीकडे बघायचं, उजव्या पानावरच्याने डावीकडे. नाहीतर वाचणाऱ्याची नजर त्याच्या मागोमाग मासिक सोडून खिडकीबाहेर पडते. दुसरा नियम, शीर्षकाभोवती भरपूर मोकळी जागा सोडायची, कारण पहिला सूर लागण्याआधी सभागृहातही शांतता लागते. तिसरा सांगताना ते पट्टी टेबलावर आपटायचे.

"चेहरा घडीत जाऊ द्यायचा नाही. दोन पानांच्या मधे जी खाच असते ना, ती माणसं गिळते."

पहिले दोन मी वहीत लिहून घेतले. तिसरा लिहायची गरजच पडली नाही, तो ऐकताना माझ्या मानेवर काटा आला होता.

पट्टीकाका म्हणजे आमच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मासिकाची पानं लावणारे काका. गेली चाळीस वर्षं तेच लावतात. 'आमच्या' म्हणजे मी तिथे जेमतेम चार महिने जातेय, शाळा सुटल्यावर तीन ते सहा, पण 'आमचं' म्हणायला मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात बोलायचे. मग शाळेच्या वार्षिक अंकाची मांडणी केली. परीक्षक म्हणून आलेल्या या मासिकाच्या संपादकबाईंनी भर सभेत विचारलं, "हे कोणी केलं?" आणि माझ्या तोंडून "मी!" इतक्या जोरात निघालं की पहिल्या रांगेतलं कोणाचं तरी बाळ रडायला लागलं. तो आवाज नंतर परत आत गेलेलाच नाही. बाई हसत जवळ आल्या, मला नीट पाहिलं, आणि त्यांच्या हातातली पेन्सिल पडली.

"तुला कुठे बरं पाहिलंय मी?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "मी आत्ताच दिसायला लागलेय."

मासिकातल्या पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. एका पियानोवादकाचा फोटो उजव्या पानावर बसावा म्हणून मी तो आरशातल्यासारखा उलटा फिरवला. पट्टीकाकांना हसता हसता ठसका लागला. "अगं पोरी, पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या हाताला उघडतं, श्रोत्यांकडे. तू भिंतीला गाणं ऐकवलंस की! शंभर पत्रं येतील, त्यातली साठ हौशी पियानो वाजवणाऱ्या डॉक्टरांची." म्हणून आमच्याकडे पियानोवाला कायम डाव्या पानावर बसतो आणि पियानोची लांब शेपटी उजव्या पानावर जाते. मधे, बरोबर घडीपाशी, कोण येतं, हे तेव्हा मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मोठे गेले. मोठे म्हणजे थोर पियानोवादक. त्यांना सगळे मोठेच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. संपादकबाई म्हणाल्या, "श्रद्धांजलीचं जोडपान तू लाव." समोरासमोरची दोन पानं, त्यांवर आरपार एकच फोटो, आणि सगळं माझ्या हातात! मी घरी चालत गेले नाही, उड्या मारत गेले.

आई शिवणकाम करते. ती मशीनवर होती.

"आई! मोठ्यांचं जोडपान मी लावणार! अख्खं!"

मशीन थांबलं. "कोण मोठे? पियानोवाले?"

"तेच. परवा गेले ना."

"गेले का," आई म्हणाली, आणि बराच वेळ तिने सुईतल्या दोऱ्याकडे बघितलं. "धाकटी त्यांची पानं उलटायची."

धाकटी म्हणजे आईची बहीण, माझी मावशी. माझ्या जन्माच्या सात वर्षं आधी तीन दिवसांच्या तापात गेली, एकोणीस वर्षांची असताना. घर बदलताना फोटोंचं खोकं हरवलं आणि तिचा एकही फोटो राहिला नाही, एवढंच मला माहीत होतं. ती पानं उलटायची हे त्या दिवशी कळलं. पियानोवादकाचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून शेजारी एक जण सुरांची वही वाचत बसतो. पान संपत आलं की उठायचं, कोपरा चिमटीत धरायचा आणि थांबायचं. वादकाने मान हलवली की उलटायचं. त्याआधी नाही, नंतरही नाही.

"त्या मासिकात तिचे फोटो आले होते. चार वेळा," आई म्हणाली. "प्रत्येक वेळी मी धावत जाऊन अंक आणला. आणि चारही वेळा त्या मेल्याने तिचा चेहरा घडीत घातला. एक डोळा या पानावर, एक त्या पानावर, मधे नुसती खाच. चौथा अंक आला तेव्हा ती गेलेली होती. सगळे रद्दीत घातले मी."

"कोणी घातला घडीत?"

"पानं लावणारा कोणीतरी. मला काय माहीत!"

मला माहीत होतं.

आई हळूच म्हणाली, "हल्ली डोळे मिटले ना, की ती अर्धीच येते गं. मी म्हणते, वळ इकडे जरा. वळत नाही. पुढे पुढे तेवढीही येणार नाही."

"मी आणते तिला," मी म्हटलं. "पूर्ण."

आईने मशीन पुन्हा सुरू केलं. टाका वाकडा गेला, तरी ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी मी थेट जिन्याखालच्या जुन्या अंकांच्या खोलीत शिरले. दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, आणि आत बारक्या झरोक्यातून येणारा पट्टीएवढा उजेड. फोटोंच्या मूळ प्रती नव्हत्याच, तळघरात पाणी शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. पण अंक होते. चारही सापडले. डाव्या पानावर मोठे, पियानोवर झुकलेले. उजव्या पानावर उघडं झाकण. आणि घडीच्या अलीकडे एक डोळा, पलीकडे एक.

मी अंक ताणून उघडला. ती आणखी आत गेली. सैल सोडला, तर दोन्ही डोळे एकमेकांकडे सरकले, पण भेटले नाहीत. दुसऱ्या अंकात तेच, तिसऱ्यात तेच. सगळ्या फोटोंत सभागृह मोठ्यांकडे बघत होतं. ती मात्र सरळ माझ्याकडे बघत होती, दाराच्या फटीतून बघावं तशी.

तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी पान उलटलं.

अगदी स्पष्ट. कोपरा उचलल्याचा आवाज, मग कागद हवेतून जाऊन खाली टेकल्याचा. मी वळले. मागे कपाट आणि भिंत. पंखा बंद. "कोण आहे?" मी विचारलं, आणि तोंडून माझा जुना, हजेरीचा आवाज निघाला.

चारही अंक छातीशी धरून मी धावत वर आले आणि चौथा स्कॅनरवर दाबला. दोन्ही तळव्यांनी, सगळा भार टाकून. पडद्यावर काय आलं? मोठे झकास, झाकण झकास, आणि मधोमध बोटभर रुंद काळा पट्टा. काळ्याच्या दोन कडांना दोन डोळे.

"काच फुटेल," दारातून आवाज आला. पट्टीकाका उभे होते, हातात चहा.

मग माझा नवा आवाज परत आला. "चेहरा घडीत जाऊ द्यायचा नाही म्हणता ना? पट्टी आपटून सांगता ना? मग हे काय आहे? चार वेळा! माझी मावशी आहे ती. माझ्या आईला तिचा चेहरा आठवत नाही, तुमच्यामुळे!"

चहा सांडला नाही, पण कपाचा कान धरलेलं बोट पांढरं पडलं. ते म्हणाले, "हे कितवं पान आहे?"

"सोळा-सतरा. त्याचं काय?"

"आणि अंक किती पानांचा?"

"बत्तीस. काका, मी काहीतरी विचारतेय!"

"मीही तेच सांगतोय," म्हणाले, आणि खुर्चीत बसले, एकदम थकल्यासारखे.

मी पडद्याकडे बघितलं, अंकाकडे बघितलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे अंक पिनांचे होते. पिनांच्या मासिकात प्रत्येक जोडपान दोन वेगळ्या कागदांचं असतं, अर्धं इथलं, अर्धं तिथलं, आणि घडीपाशी दोघांचं थोडंथोडं वाया जातं. फक्त एक जोडपान तसं नसतं. मधलं. ते एकच अखंड कागद असतं, पिनांनी मधे आवळलेलं. चारही वेळा तिचा फोटो मधल्या पानावर होता. चारही वेळा चेहरा दोन पिनांच्या मधे.

माझ्या कंपासपेटीत आईची टाके उसवायची बारकी सुरी असते. तिच्या टोकाने मी पिनांचे पाय उचलले. वरची निघाली, मग खालची, जराशी गंजलेली. कागद उचलून टेबलावर ठेवला आणि तळहाताने हलकेच सपाट केला.

ती वर आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. खाच मिटत गेली आणि दोन्ही बाजूंनी चेहरा चालत येऊन एक झाला. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. डाव्या भुवईत बारीकसा व्रण. ओठ घट्ट, श्वास रोखलेला. डोक्याच्या वर पिनेचं एक भोक, हनुवटीच्या खाली एक, आणि कपाळापासून खाली गेलेली घडीची पांढरी रेघ. चिमटीत पानाचा कोपरा. ती माझ्यासारखी दिसते असं मी म्हणणार नाही, कारण खरं उलटं आहे.

"मोठ्यांचा हुकूम होता, 'माझ्या पानावर मी आणि पियानो. बाकी कापा,'" पट्टीकाका म्हणाले. "पान उलटणाऱ्यांना आम्ही कापतच आलो. हिला कापवेना. एवढी जीव ओतून उभी असायची. कापली असती तर केराच्या टोपलीत गेली असती. म्हणून आत ठेवली. मोठ्यांना वाटलं, घडीत गेली, बरं झालं."

"आणि मग?"

"मग वाट बघितली. बावीस वर्षं. लोक मासिक वाचतात गं, उसवत नाहीत."

"सांगायचं कोणाला तरी!"

"मोठे होते ना," ते म्हणाले. "आणि मी भित्रा. तू पहिल्या दिवशी दारात आलीस, तेव्हापासून मला नीट झोप नाही."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं, थोडी चिडलेही. पण माझं जोडपान राहिलं होतं. हल्ली आमचं मासिक डिंकाने चिकटवतात. पिना नाहीत, उसवणं नाही. घडीत गेलेलं कायमचं गेलं. मी तोच कागद स्कॅन केला, फोटो तीन बोटं उजवीकडे सरकवला, मोठे डावीकडे राहिले आणि धाकटी पूर्णच्या पूर्ण उजव्या पानावर आली. खाली तिचं नाव टाकलं. पट्टीकाकांनी घडीपासून तिच्या कानापर्यंत पट्टी लावली आणि म्हणाले, "सुटली."

संपादकबाईंनी चष्मा वर केला. "मोठ्यांनी हे चालवून घेतलं नसतं."

"मोठे आता पत्र लिहिणार नाहीत, बाई."

जरा जास्तच जोरात म्हटलं मी. बाईंनी फोटो बघितला, मग मला, आणि या वेळी पेन्सिल पडली नाही. त्यांनी कोपऱ्यात सही केली.

तो अखंड कागद काकांनी पुठ्ठ्यात घालून दिला. मी घरी उड्या मारत गेले नाही, अगदी सावकाश चालत गेले, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं नेत असल्यासारखी. आईच्या मशीनवर कापड पसरलेलं होतं, त्यावरच कागद ठेवला.

आईने भुवईतल्या व्रणावर बोट टेकवलं. "माझ्यामुळे पडली होती," म्हणाली. "जिन्यावरून. विसरलेच होते मी." मग बोट घडीच्या रेघेवरून खाली आलं, हनुवटीखालच्या भोकापाशी थांबलं, आणि तिथून त्या चिमटीकडे गेलं.

"अजून धरूनच उभी आहे वेडी," आई म्हणाली.

आणि आईने मान हलवली. एकदाच, छोटीशी. मी पाहिलं.

मशीनच्या कडेला आईचं मापांचं रजिस्टर उघडं पडलं होतं. त्याचं एक पान उठलं, हवेतून सावकाश गेलं आणि पलीकडे टेकलं. वाऱ्याने म्हणा. मी काही म्हणत नाही. आईने खिडकीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिने डोळे मिटले होते आणि ती हसत होती.