सुजाता भोजनालय, सुपा

एकोणीसशे नव्व्याण्णव साली सुप्याच्या एमआयडीसीत एकामागून एक नवी शेडं उभी राहत होती, आणि त्यांच्या समोरच, पुणे-नगर रस्त्याला लागून, भागिरथी साळवेचं सुजाता भोजनालय होतं. वर पत्रा, तीन बाजू उघड्या, पुढं चूल, मागं बाकडी. नवरा भीमराज टेम्पोतून भाजी आणायचा, पाणी भरायचा, गल्ल्यावर बसायचा. भाकरी, कालवण आणि कुणाला वाढायचं, कुणाला वाटेला लावायचं हे मात्र भागिरथीच्या हातात. कंपन्यांना कॅन्टीन नव्हतं. दुपारचा भोंगा झाला की पॅकिंग खात्यातल्या पोरी घोळक्यानं यायच्या आणि बाकड्यांवर दाटीवाटीनं बसायच्या. त्यांच्या गलबल्यात भागिरथीचा तवा तापायचा.

दिवाळी झाली आणि त्या पोरी यायच्या बंद झाल्या. एक-दोघी नाहीत, सगळ्याच.

त्यांच्या जागी भलतेच लोक येऊ लागले. मोटारसायकल उभी करून एकजण म्हणाला, “खोली मिळंल का?” दुसऱ्यानं आत डोकावून थंड बिअर मागितली. गल्ल्यावरचा फोन वाजला की कुणीतरी रूमचा भाव विचारायचं. भीमराज फोन आपटून म्हणायचा, “राँग नंबर!” पण एवढे राँग नंबर एकाच घरी कसे येतील, हा प्रश्न भागिरथीच्या डोक्यात घुमत राहिला.

शेवटी तिनं शुभांगीला गाठलं. शुभांगी त्या घोळक्यातली सगळ्यात बोलकी पोरगी. ती आता कंपनीच्या भिंतीच्या आडोशाला उभ्या उभ्या डबा खात होती.

“काय गं, माझ्या हातचं विटलं का?”

शुभांगी खाली बघायला लागली. मग म्हणाली, “मावशी, तुमाला म्हाईतच न्हाई का? हापिसातल्या कॉम्प्युटरवर तुमचं नाव आलंय. इंटरनेटवर. सायबांनी त्याचा कागद काढून गेटवर डकवलाय, नव्या मानसांना जेवायची सोय कळावी म्हनून. त्यात लिवलंय, सुजाता, लॉजिंग-बोर्डिंग, परमिट रूम. आमच्या आबांनी वाचलं. म्हनले, तिथं पाऊल टाकलंस तर कामच बंद.”

भागिरथीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोरीवर रागावण्यात अर्थ नव्हता. ती तशीच गेटवर गेली आणि कागद स्वतः वाचून आली. खाली नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी चूल भीमराजच्या हवाली करून तिनं नगरची एसटी पकडली.

क्लास चालवणारा प्रशांत जेमतेम पंचविशीचा होता. नगर जिल्ह्यातली दुकानं, हॉटेलं, दवाखाने असं सगळं एका जागी इंटरनेटवर मांडायचा त्याला ध्यास होता. पुढं सगळं जग तिथंच बघून ठरवणार, असं तो भेटेल त्याला सांगायचा. भागिरथीनं आपलं नाव-आडनाव आणि भोजनालयाचं नाव सांगितलं तसं त्यानं पडद्यावर ते पान काढलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

“मावशी, चूक माझीच आहे. मी स्कूटरवरून फिरून रस्त्यावरच्या सगळ्या पाट्यांवरची नावं आणि फोन नंबर लिहून आणले. एका हॉटेलची माहिती टाइप केली आणि तीच पुढच्या सगळ्यांना चिकटवली. नंतर बदलायची राहून गेली. थांबा, आत्ताच्या आत्ता तुमचं नाव काढून टाकतो.”

“काढू नगंस,” भागिरथी म्हणाली.

प्रशांतचा हात माउसवरच थांबला.

“तू म्हनतोस ना, लोक हितं बघून जेवायला येनार? मग माझं नाव हितं पायजेल. पर खरं पायजेल. तू माझ्या दारात कधी जेवलायस का?”

“नाही.”

“मग कशाच्या जिवावर लिवलंस? उद्या दुपारी ये. आधी जेव, मग लिव.”

प्रशांत खरोखरच आला. भागिरथीनं त्याला बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण आणि वर हुलग्याची शेंगोळी वाढली. तो घाम पुसत जेवला आणि आणखी भाकरी मागून घेतली. मग वही काढून म्हणाला, “सांगा.”

“लिव. दारू मिळत न्हाई, आनि पिऊन येनाऱ्याला जेवान मिळत न्हाई. खोल्या न्हाईत. सकाळी न्याहारी, मग दुपारचं जेवान, दिवेलागनीला बंद. रविवारी मटन, बाकी रोज शाकाहारी.”

“आणि फॅमिली रूम लिहू का? सगळे लिहितात. मागं एक पडदा लावला तरी चालेल.”

“पडदा कशाला? पडद्याआड काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत न्हाई, म्हनून तर आईबापाला धास्ती. माझ्याकडं समदं उघडं हाय. लिव, बायामानसं, पोरीबाळी एकट्या आल्या तरी चालंल, मालकीन सोता समोर असती.”

प्रशांतनं भराभर लिहून घेतलं. तो पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकून लिहीत होता आणि ते त्याला आवडत होतं. शेवटच्या ओळीवर मात्र त्याचं पेन अडखळलं. “मालकाचं नाव... ते काय, टाकायलाच पाहिजे असं नाही. नुसतं सुजाता भोजनालय ठेवलं तरी शोभून दिसेल.”

तो कशामुळं अडखळला हे भागिरथीला कळलं. भीमराजलाही कळलं. तरण्याताठ्या वयात त्यानं गावात चहाची टपरी टाकली होती, आणि लोक समोरून जाऊन पुढच्या टपरीवर चहा प्यायचे. ती टपरी मोडूनच दोघं सुप्याला आले होते. गल्ल्यावरून उठून तो बायकोजवळ आला आणि हळूच म्हणाला, “पोरगं चांगल्यासाठीच सांगतंय. मानसं जेवत्यात, सुखानं जात्यात. आडनाव वाचून उगं गिऱ्हाईक तुटंल.”

“तुटू द्या,” भागिरथी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बाकड्यावरच्या माणसांनी वळून बघितलं. “ज्याला नावाची अडचन हाय, त्यानं तिथंच वाचावं आनि परभारे जावं. त्याचं बी पाय वाचतील आनि माझं बी भाकरीचं पीठ वाचंल. एवढे दिस नाव लपवलं न्हाई, आता सगळ्या जगाफुडं मांडायचं म्हनल्यावर लपवू व्हय? लिव रे बाबा. मालकीन, भागिरथी भीमराज साळवे.”

प्रशांतनं ते लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. भीमराज मान हलवत गल्ल्यावर जाऊन बसला, पण बायकोच्या नावात आपलं नाव आलंय हे त्यानं प्रशांतकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

आठवड्याभरात कंपनीच्या गेटवर नवा कागद लागला. खोलीचे फोन थांबले. मात्र भीमराज म्हणाला तेही खोटं ठरलं नाही. रोज जेवणारे दोन सुपरवायझर येईनासे झाले. रस्त्यात भेटले की नजर चुकवू लागले. भागिरथीला ते लागलं. त्यातल्या एकाला कोरडी भाकरी सोसत नाही म्हणून ती त्याला दूध-भाकरी काढून ठेवायची. आता तिनं त्या दुधाला विरजण लावलं आणि त्याचं ताक पॅकिंगच्या पोरींना द्यायचं ठरवलं. पोरी अजून आल्या नव्हत्या, पण येणार याची तिला खात्री होती.

पोरींच्या आधी शुभांगीचे आबा आले. गोरक्षनाथ म्हणून जवळच्याच खेड्यातले बागायतदार, डोक्यावर टोपी, हातात सायकल. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, चूल बघितली, बाकडी बघितली, मागं कुठं दार-बिर आहे का तेही वाकून बघितलं. मग चुलीपुढं उभे राहिले.

“कागदावर वाचलं. साळवे म्हंजी...”

“व्हय, तेच,” भागिरथी म्हणाली आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

भाकरी टम्म फुगली. आबांनी पिंपातलं पाणी घेऊन हात धुतले, टोपी मांडीवर ठेवली आणि समोरच्या बाकड्यावर बसले. “वाढा.”

जेवताना त्यांनी कालवण दोनदा घेतलं. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, “पोरीला सोमवारपास्नं धाडतो. तिच्याबरूबरच्या बी येतील. पर एक करा, तिला ठेचा वाढू नगा. तिला तिखट सोसत न्हाई.”

भागिरथीला हसू आवरेना. “आबा, तुमची लेक सगळ्यात आधी ठेचाच मागती.”

गोरक्षनाथांनी तिच्याकडं बघितलं, आणि त्यांच्या मिशीतही हसू फुटलं. “आसं हाय व्हय?” म्हणत त्यांनी टोपी डोक्यावर घातली, सायकल रस्त्यावर घेतली आणि गावाकडं निघाले.