रखमाबाईंची कोथिंबीर

खांदेश्वरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रखमाबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली होती, फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या. निवेदक म्हणाले, "आता मुलगी राजश्रीताई आईच्या दोन आठवणी सांगतील."

राजश्री माइकपाशी गेली आणि तिथंच हरवली. हॉल लांब सरकला, आवाज बंद दारापलीकडून यावेत तसे येऊ लागले, माइक धरलेला हात दुसऱ्याच बाईचा वाटू लागला. आईच्या आजारपणात हे सुरू झालं होतं. आधी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. पुढं पुढं धस्सही होईना, सगळं नुसतं दूर जायचं. खारघरच्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, "विजेचा लोड फार झाला की एमसीबी पडतो ना, घर जळू नये म्हणून? काळजी सोसवेना की मनही तेच करतं. तुम्हाला वेड नाही लागलेलं. असं झालं की उग्र वास घ्या, हळूहळू परत याल."

लोकांना कुठला एमसीबी ठाऊक! ती न बोलताच खुर्चीकडे परतली, तेव्हा मागची एक बाई म्हणालीच, "पोटची पोर, पण डोळ्यांतून टिपूस नाही." मेलेल्या माणसापेक्षा रडणाऱ्यांवरच आपल्याकडे जास्त लक्ष.

हे बोल राजश्रीच्या ओळखीचे होते. बाबा गेले तेव्हा तिनं स्वतःच ते आईला ऐकवले होते. बोनकोड्याच्या खोलीबाहेर तिरडी बांधली जात होती. घरात मयत, चूल बंद, जेवण शेजारचे आणणार. आणि रखमाबाई कोपऱ्यात बसून कोथिंबीर निवडत होत्या. काडी न् काडी. राजश्री सगळ्यांदेखत ओरडली होती, "बाबा गेले आणि तुला भाजी सुचतेय? दगड आहेस तू, आई!" रखमाबाईंनी मानही वर केली नव्हती. त्यानंतर राजश्रीनं आईचं सगळं केलं, दवाखाना केला, औषधं दिली. पण तिच्याजवळ निवांत अशी कधी बसली नाही. राग धरून ठेवला.

तिनं पर्समधून निलगिरीची बाटली काढून नाकाशी धरली. शेजारी बसलेली मावशी बघतच राहिली.

"तुला बी व्हतंय व्हय गं? तुज्या आयीसारकं?"

"काय?"

"तुजा बाप गेला तवा ती कोथमीर हुंगत हुती. मला म्हनली, अक्का, समदं लांब चाललंय, हात बी माजे वाटंनात. ह्येचा वास येतोय तवर मी हितं हाय."

"मावशी, मला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपत घातलेली. म्हनली, पोरीला घोर नगं."

जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. पण राजश्रीला कळलं तेव्हा आई फोटोत जाऊन बसली होती. आईला डॉक्टरबाई मिळाली नव्हती, एमसीबी कुणी समजावला नव्हता. एक जुडी तेवढी सापडली होती, आणि त्यावरूनही लेकीनं चारचौघांत तिचा अपमान केला होता. राजश्रीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती उठली. पाय आपले वाटत नव्हते, तरी तिनं माइक गाठला.

"माझी आई दगड नव्हती," ती म्हणाली. "तिला फार भीती वाटत होती. मी तिच्या शेजारी बसायला हवं होतं."

हॉल अजून लांबच होता. डोळ्यांत टिपूस आलंच नाही. मागची बाई पुन्हा काहीतरी कुजबुजली, आणि राजश्रीनंही मान वर केली नाही.